मनमोकळं : हाताशी पाचच मिनिटं आहेत

मागच्या अंकात ताणाविषयी लिहिताना मी दोन गोष्टी सुचवल्या होत्या. दिवसातली पाच मिनिटं शांत बसा आणि रात्री झोपण्यापूर्वी दिवसात बऱ्या घडलेल्या तीन गोष्टी वहीत लिहा. त्यावर भरपूर पत्रं आली. कुणाला बसणं जमलं नाही, कुणाला लिहिणं. काहींनी रागावून लिहिलं आहे आणि ती पत्रं मी सगळ्यात आधी वाचली, कारण त्यांतच खरी अडचण सांगितलेली असते.

समुपदेशन करताना मला एक गोष्ट वारंवार दिसते. हे छोटे व्यायाम उपयोगी पडतात, पण ज्याच्या ताणाला जो लागू पडेल तोच. परीक्षेच्या धास्तीला जे चालतं ते थकून गेलेल्या माणसाला चालत नाही. त्यामुळे सगळ्यांना मिळून एकच उत्तर देत नाही, एकेक पत्र घेते.

प्रश्न : ताई, मी लेखापाल आहे. दिवसभर आकड्यांत असतो. संध्याकाळी ध्यानाला बसलो की राहिलेली कामं, कोण काय बोललं, उद्याची बैठक, सगळं एकदम सुरू होतं. दोन मिनिटांत उठतो. आधी नुसता ताण होता, आता ध्यानही जमत नाही याचा वेगळा ताण आहे. काही जणांचं मन ध्यानासाठी नसतंच का?

उत्तर : तुमचं मन चारचौघांसारखंच आहे. हार्वर्ड विद्यापीठातल्या मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांचा २०१० मधला एक अभ्यास आहे. लोकांना दिवसभरात अधूनमधून फोनवर विचारलं जायचं, आत्ता काय करताय आणि लक्ष त्यातच आहे की दुसरीकडे? जवळजवळ ४७ टक्के वेळा लक्ष दुसरीकडे होतं. जागेपणीचा निम्मा वेळ मन हातातल्या कामात नसतं, मग डोळे मिटताक्षणी ते मुकाट बसेल असं आपण का धरून चालतो? डोळे मिटल्यावर गर्दी उसळते असं तुम्ही लिहिलंत. ती दिवसभर होतीच. कामाच्या गडबडीत तिच्याकडे लक्ष गेलं नव्हतं.

विचार दाबायला गेलात तर ते आणखी जोर धरतात. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये काही जणांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आलाच तर घंटी वाजवायची. घंट्या वाजत राहिल्या. म्हणून विचार घालवण्याचं काम स्वतःला देऊच नका. आपण वाहवलो होतो हे कळणं आणि परत येणं, एवढंच ध्यान आहे. दोन मिनिटांत दहादा भटकून दहादा परत आलात, तर तुमचा व्यायाम दहादा झाला.

तुमचं आकड्यांशी नातं आहेच, तर मोजणीपासून सुरुवात करा. खुर्चीत बसा, पाठ टेकली तरी चालेल, दोन्ही पावलं जमिनीवर ठेवा. डोळे मिटायची गरज नाही, समोर दोन-तीन हातांवर जमिनीकडे नजर सैल सोडा. श्वास जसा चाललाय तसा चालू द्या, त्याला वळण लावू नका. श्वास बाहेर गेला की मनात म्हणा ‘एक’. पुढचा बाहेर गेला की ‘दोन’. असं दहापर्यंत, आणि पुन्हा एकपासून. मध्येच तुम्ही उद्याच्या बैठकीत जाऊन पोहोचाल. कितीवर होतो ते आठवणार नाही, किंवा भानावर येईपर्यंत मोजणी सतरा-अठरावर गेलेली असेल. आठवत बसू नका. ‘एक’. स्वतःला एक शब्दही न बोलता पुन्हा ‘एक’ म्हणणं यातलं सगळ्यात कठीण काम आहे आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचंही तेच. दिवसभर चुका शोधण्याचं काम करणाऱ्या माणसाला तर ते फारच जड जातं, कारण चूक दिसली की तिच्यामागे जायची सवय लागलेली असते.

हे आठवडाभर अंगवळणी पडलं की तीन मिनिटांचा एक व्यायाम करून पाहा. झिंडेल सीगल, मार्क विल्यम्स आणि जॉन टीसडेल या तिघांनी तो नैराश्यातून बरं झालेल्यांना पुन्हा त्रास होऊ नये म्हणून आखलेल्या उपचारात वापरला. पहिलं मिनिट, आत्ता माझ्यात काय चाललंय? विचार कोणता, भावना कोणती, शरीर कुठे आवळलंय? उत्तर मनात शब्दांत द्या, ‘चिडचिड आहे, जबडा घट्ट आहे.’ भावनेला नाव दिलं की मेंदूतला धोक्याची सूचना देणारा भाग, अमिग्डाला, थोडा निवतो असं मॅथ्यू लीबरमन यांच्या २००७ मधल्या अभ्यासात दिसलं होतं. दुसरं मिनिट फक्त श्वासावर. तिसऱ्या मिनिटात लक्ष श्वासावरून पसरवत सगळ्या शरीरावर न्या. पावलं, मांड्या, खांदे, चेहरा, आणि मग आपण बसलोय ती खोली.

घरी गेल्यावर वेगळं बसणं होत नसेल तर संगणक बंद केल्यावर, खुर्चीतून उठण्याआधी करा. रोज जे घडतंच त्याला चिकटवलेली सवय टिकते. ‘वेळ मिळाला की करीन’ असं ठरवलेली टिकताना मी फारशी पाहिलेली नाही.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. कुणी ‘दीर्घ श्वास घ्या’ म्हणालं की माझी छाती भरून येते, हातांना मुंग्या येतात आणि घाबरायला होतं. सगळे म्हणतात श्वासानेच शांत वाटतं. मग माझं उलट का?

उत्तर : सर्वांत आधी, छातीत दुखणं, धाप किंवा चक्कर हे नव्याने सुरू झालं असेल तर डॉक्टरांना दाखवा. तपासणीत सगळं ठीक निघालं तर पुढचं वाचा.

घाबरलेला माणूस ‘दीर्घ श्वास’ म्हटल्यावर भराभर मोठमोठे श्वास आत ओढतो. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा कमी होतो, आणि मुंग्या येणं, हलकं हलकं वाटणं, हवा पुरत नाहीये असं वाटणं, हे सगळं त्यातूनच येतं. तुम्ही आणखी मोठा श्वास घेता आणि त्रास आणखी वाढतो. शांतवणारा भाग आहे तो श्वास सोडण्याचा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, म्हणून आत घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्यायचा. नाकाने साधा श्वास घ्या, त्यावर एक छोटासा आणखी घ्या आणि तोंडाने सावकाश, संपेपर्यंत सोडा. आपण सुटकेचा निःश्वास टाकतो तसाच. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०२३ च्या अभ्यासात लोकांनी हा प्रकार महिनाभर रोज पाच मिनिटं केला, आणि तेवढाच वेळ ध्यान करणाऱ्यांपेक्षा त्यांची मनःस्थिती जास्त सुधारलेली दिसली. तुम्ही पाच मिनिटांवर जाऊ नका. दोन-तीन निःश्वास टाका आणि थांबा.

तेही नको वाटलं तर श्वासाला हातच लावू नका. श्वास म्हणजे लक्ष टेकवायची एक जागा, आणि अशा जागा इतरही आहेत. वर्गात उभ्या असताना तळपायांकडे लक्ष न्या. टाच जमिनीला लागते ती कुठे, वजन उजव्या पायावर जास्त आहे की डाव्या, बोटं आखडलीत का? मुलांच्या लक्षातही येणार नाही. एखादी जुनी, भीतीदायक आठवण ध्यानात उसळून येत असेल तर मात्र एकटीने रेटू नका. हे जाणकार समुपदेशकासोबत करायचं काम आहे.

प्रश्न : सासूबाई पक्षाघातानंतर अंथरुणावर आहेत. त्यांचं सगळं मी करते. रात्री दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. घरातले म्हणतात, ‘तुझ्याशिवाय त्यांना चालत नाही’, आणि आपापल्या कामाला जातात. तुमचं वाचून तीन चांगल्या गोष्टी लिहायला वही घेतली आणि इतकी चिडले की पानच फाडून टाकलं. परवा रात्री कूस बदलताना त्यांनी माझं मनगट धरलं ते सोडेचनात. मला झोपायचं होतं. मी हात सोडवून घेतला. आता ते टोचत राहतं. सांगा, मी कशाबद्दल आनंद मानू?

उत्तर : कशाबद्दलही मानू नका, निदान या आठवड्यात तरी. पान फाडलंत ते बरं केलंत. तुमचा राग खरा आहे. दोघा-तिघांनी वाटून घ्यायचं काम एकटीवर पडलंय आणि झोप सलग दोन तासांचीही नाही, हे तो राग सांगतोय. त्याला गप्प बसवण्यासाठी कोणताही व्यायाम वापरू नये असं माझं ठाम मत आहे. हे व्यायाम ज्यातून आले त्या सकारात्मक मानसशास्त्राबद्दल लोकांना चीड येते ती इथेच. माणूस बुडत असताना त्याला सूर्यास्त बघायला सांगितलं जातं.

म्हणून आधी झोपेचं बघू. घरातल्यांना ‘मला मदत करा’ म्हणू नका. ते हो म्हणतील आणि काहीच होणार नाही. काम, दिवस आणि वेळ ठरवून मागा. ‘मंगळवारी आणि शनिवारी रात्रीची कूस तुम्ही बदलायची. उशी कुठे लावायची ते मी आज दाखवते. त्या दोन रात्री मी दुसऱ्या खोलीत झोपणार.’ इतकं नेमकं मागितल्यावर नाही म्हणायला माणसाला तोंड वर करून नाही म्हणावं लागतं. आणि ‘तुझ्याशिवाय त्यांना चालत नाही’ याला उत्तर, ‘शिकलं की चालेल, मीही शिकलेच.’ सलग सहा तास झोप मिळालेल्या दोन रात्रींनी जे होईल ते माझ्या सगळ्या व्यायामांनी मिळून होणार नाही.

वही टाकून देऊ नका, ती दुसऱ्या कामाला येईल. जेम्स पेनबेकर यांनी १९८६ मध्ये विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, मनाला लागलेल्या प्रसंगाबद्दल मनात येईल ते लिहायला सांगितलं. शुद्धलेखन बघायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही. लिहिल्यावर लगेच त्यांना जास्तच वाईट वाटलं, पण पुढच्या महिन्यांत डॉक्टरांकडे जायची वेळ त्यांच्यावर इतरांपेक्षा कमी आली. तुम्ही तो राग असाच लिहा. कुणाचा, कधीपासून, नेमक्या कोणत्या वाक्याने. सुनेने लिहू नये असं वाटेल तेही लिहा, मग पान फाडायचं तर फाडा. फक्त झोपायच्या आधी लिहू नका, दिवसा लिहा, आणि लिहिता लिहिता फारच कोलमडल्यासारखं झालं तर तिथेच थांबा.

आता मनगटाचं. क्रिस्टिन नेफ या संशोधिकेने स्वतःशी मायेने वागण्याचा एक छोटा क्रम सांगितला आहे, जेमतेम मिनिटभराचा. तुमच्या प्रसंगाला तो लावून दाखवते. टोचणी लागली की हातातलं काम क्षणभर थांबवा आणि मनात म्हणा, ‘हे मला लागलंय.’ मोठं करायचं नाही, झटकायचंही नाही. मग, ‘दमलेल्या कुणाच्याही हातून हे झालं असतं. आजाऱ्याची सेवा करणाऱ्या कित्येकींना आज रात्री असंच वाटत असेल.’ हे समाधानासाठी रचलेलं वाक्य नाही. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी आजाऱ्याची सेवा करणारं जवळजवळ प्रत्येक माणूस असा एखादा हात, एखादा ताडकन बोललेला शब्द मनात घेऊन येतं. आणि शेवटी, जवळच्या मैत्रिणीने हेच सांगितलं असतं तर तिला जे म्हणाला असतात ते स्वतःला म्हणा. बहुधा म्हणाला असतात, ‘अगं, तू रात्री चार वेळा उठतेस!’ तेच म्हणा, त्याच सुरात. छातीवर किंवा दंडावर स्वतःचाच हात ठेवला तर शरीराला ते लवकर कळतं.

तीन चांगल्या गोष्टींकडे महिन्या-दीड महिन्याने यावंसं वाटलं तर या, आणि नाही आलात तरी हरकत नाही. हा व्यायाम मुळात काय आहे तेवढं सांगते, कारण तो अर्धाच पसरलाय. मार्टिन सेलिग्मन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये तो तपासला तेव्हा लोकांनी आठवडाभर रोज रात्री बऱ्या गेलेल्या तीन गोष्टी लिहिल्या, आणि प्रत्येकीपुढे ती का घडली हेही लिहिलं. फायदा लगेच दिसला नाही. महिन्याभराने दिसू लागला आणि सहा महिने टिकला. यातलं ‘का’ फार महत्त्वाचं. ‘सासूबाईंची पाठ अजून एकाही जखमेशिवाय आहे.’ का? ‘कारण मी रोज रात्री उठते.’ हे आनंद मानणं नव्हे. आपण केलेल्या कामाची ती नोंद आहे, जी घरात दुसरं कुणी ठेवत नाहीये. त्यांनी मनगट धरलं, तर का धरलं असेल, हाही प्रश्न एखाद्या झोप झालेल्या सकाळी तुम्हाला स्वतःहून विचारावासा वाटेल. आज नाही वाटला तर सोडून द्या.

प्रश्न : ताई, मी स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. एका व्याख्यानात ऐकलं म्हणून रोज आरशासमोर ‘मी यशस्वी होणारच’ म्हणतो. म्हणताना आतून कुणीतरी ‘खोटं’ म्हणतं. परीक्षेच्या सकाळी हात थरथरतात ते निराळंच.

उत्तर : ते आरशासमोरचं आजपासून बंद कर. तुझ्या आतला तो ‘खोटं’ म्हणणारा आवाज बऱ्याच जणांना ऐकू येतो. जोअॅन वूड आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये तपासलं होतं की स्वतःबद्दल चांगली वाक्यं म्हटल्याने काय होतं. ज्यांचा आत्मविश्वास आधीच कमी होता त्यांना ती वाक्यं म्हणून आणखी वाईट वाटलं, कारण मन लगेच त्याविरुद्ध पुरावे काढू लागतं. गॅब्रिएल एटिंगेन यांच्या संशोधनाचंही सांगणं असंच, की नुसतं यश डोळ्यांसमोर आणत राहिलं की अंगातला जोर ओसरतो.

त्याऐवजी अडचण समोर ठेव आणि तिच्यासाठी आधीच वाक्य ठरव. पेटर गॉलविट्झर यांची ‘जर-तर’ची रीत आहे ही. ‘पहिलाच प्रश्न आला नाही, तर मी त्यावर खूण करून दुसऱ्याकडे जाईन.’ ‘शेजारचा भराभर पुरवण्या घ्यायला लागला, तर मी पेन खाली ठेवून एक लांब श्वास सोडीन.’ अशी तीन-चार वाक्यं हाताने लिही. ऐनवेळी विचार करावा लागत नाही, कारण तो आधीच झालेला असतो.

आणि थरथर? ती घालवायच्या मागे लागू नकोस. धडधड, गार पडलेले हात, कोरडं तोंड, शरीर कामाला लागलंय त्याची ही लक्षणं आहेत. अॅलिसन वूड ब्रूक्स यांनी २०१४ मध्ये दाखवलं की गणित सोडवण्याआधी, भाषणाआधी, अगदी गाण्याआधीसुद्धा ज्यांनी स्वतःला ‘मी उत्सुक आहे’ असं म्हटलं त्यांचं काम ‘मी शांत आहे’ म्हणणाऱ्यांपेक्षा चांगलं झालं. धडधडत्या छातीला शांत म्हणणं पटत नाही, उत्सुक म्हणणं पटू शकतं. स्वतःशी बोलताना नाव घेऊन बोल, मोठ्या भावाने बोलावं तसं. ‘तुझा अभ्यास झालाय, पहिली दहा मिनिटं फक्त वाच.’ ‘मी’ म्हणण्यापेक्षा नावाने बोललं की थोडं बाजूला होऊन बघता येतं.

प्रश्न : दिवसा ठीक असते. पाठ टेकली की उद्याचं सगळं डोळ्यांसमोर नाचायला लागतं. बारा-एक वाजतात.

उत्तर : झोपण्यापूर्वी पाच मिनिटं कागदावर उद्याची कामं लिहा. झालेली नाहीत, करायची राहिलेली. २०१८ मध्ये मायकल स्कलिन यांनी प्रयोगशाळेत झोप मोजून हे तपासलं, तर उद्याची यादी लिहिणारे झालेल्या कामांबद्दल लिहिणाऱ्यांपेक्षा लवकर झोपी गेले. यादी जितकी नेमकी, तितकी झोप लवकर. ‘घरातली कामं’ असं नको, ‘सकाळी अकराला बँकेत फोन’ असं हवं.

ज्या काळज्यांना उद्या काही करता येण्यासारखं नाही, त्यांना संध्याकाळची ठरावीक वेळ द्या. थॉमस बोर्कोवेक यांनी १९८३ मध्ये सुचवलेली ही रीत आहे. रोज एकाच जागी, एकाच वेळी, अर्धा तास फक्त काळजी करायची. ती जागा अंथरुण नसावी. रात्री काळजी आली की तिला सांगायचं, उद्या सहा वाजता. पहिल्या काही दिवसांत ती ऐकणार नाही, चिकाटी ठेवा.

प्रश्न : आमच्या कार्यालयात दर बुधवारी अर्धा तास ध्यानाचा वर्ग घेतात. त्याच बुधवारी रात्री दहापर्यंत कामाचे निरोप येत असतात. वर्गात सांगतात, ताण बाहेर नसतो, आपल्या बघण्यात असतो. ताई, हे खरं आहे का?

उत्तर : नाही. ताणाचा काही भाग आपल्या बघण्यात असतो. रात्री दहाला येणारा निरोप मात्र फोनवर असतो. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जॉन कबट-झिन यांनी १९७९ मध्ये ध्यानावर आधारलेला वर्ग सुरू केला तो प्रामुख्याने जुनाट दुखण्यांच्या रुग्णांसाठी, ज्यांचं दुखणं औषधांनी पूर्ण जात नव्हतं. जे बदलता येत नाही त्याच्यासोबत कसं राहायचं, हा त्यांचा प्रश्न होता. कामाचे तास माणसांनी ठरवलेले असतात आणि माणसं ते बदलू शकतात. बदलता येण्यासारखी गोष्ट सहन करायला शिकवण्यासाठी ध्यान वापरलं जातं तेव्हा मला वाईट वाटतं, कारण त्यात ध्यानाचंही नुकसान होतं.

बुधवारचा अर्धा तास तुमच्या उपयोगी पडत असेल तर जरूर बसा. पण मिळालेली शांतता खाली मान घालण्यासाठी वापरू नका, बोलण्यासाठी वापरा. दोन आठवडे रात्री आठनंतर आलेले निरोप वेळेसह टिपून ठेवा. त्यांतले किती सकाळपर्यंत थांबू शकले असते ते त्यापुढे लिहा आणि तो कागद घेऊन वरिष्ठांशी बोला. शक्य असेल तर एकटे न जाता दोन-तीन सहकारी मिळून जा. बोलायच्या आधी तळपायांवर लक्ष देऊन मिनिटभर उभं राहिलात, तर ध्यानाचा तो चांगला उपयोग झाला.

पत्राच्या शेवटी तुम्ही ओझरतं लिहिलंय की हल्ली कशातच मन लागत नाही, पहाटे तीनला जाग येते. हे दोन आठवड्यांहून जास्त, जवळजवळ रोज होत असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. नैराश्यावर चांगले उपचार आहेत आणि माझ्या पाच मिनिटांवर विसंबून ते लांबवू नयेत. कधी जगणंच नको असा विचार आला तर त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगा आणि त्याला सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा. हे या सदराच्या प्रत्येक वाचकासाठी लिहिते आहे.

प्रश्न : मी सेवानिवृत्त आहे. गेले कित्येक महिने कृतज्ञतेची वही नियमाने लिहितोय. हल्ली तेच ते लिहिलं जातं. तब्येत बरी, मुलं बरी, घर आहे. लिहिताना काहीच वाटत नाही. बंद करू का?

उत्तर : रोजचं बंद करा, आठवड्यातून एकदा लिहा. सोन्या ल्युबोमिर्स्की आणि सहकाऱ्यांनी लोकांना सहा आठवडे अशी नोंद ठेवायला सांगितली होती, काहींना आठवड्यातून तीनदा, काहींना एकदाच. एकदाच लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना नाही. रोजच्या गोष्टीची मनाला सवय होते आणि मग ती हजेरी लावल्यासारखी होते.

‘मुलं बरी’ यात काहीच दिसत नाही, म्हणून काही वाटत नाही. त्याऐवजी एकच प्रसंग घ्या आणि तो उलगडून लिहा. मुलीने फोन केला, तर कशासाठी केला, ती कशावर हसली, तुम्ही तेव्हा कुठे उभे होतात, फोन ठेवल्यावर काय केलंत. एक प्रसंग, पानभर. फ्रेड ब्रायंट यांनी अशा गोष्टींचा आस्वाद घेण्यावर बराच अभ्यास केला आहे. घडत असताना क्षणभर रेंगाळणं, नंतर आठवणं आणि कुणाला तरी सांगणं, हे त्याचे मार्ग. तुमच्या पत्रातून वाटलं की सांगायला माणूस कमी पडतोय. वहीपेक्षा मला त्याचीच जास्त काळजी वाटते.

म्हणून एक वेगळं काम देते. आयुष्यात कुणीतरी असा असेल ज्याने तुमच्यासाठी मोठं काही केलं आणि त्याचे नीट आभार मानायचे राहून गेले. तो हयात हवा, भेटता येण्यासारखा हवा. त्याला पत्र लिहा, शे-दोनशे शब्दांचं. तुम्ही काय केलंत, कधी, त्याने माझं पुढे काय झालं, मला ते अजून कसं आठवतं. मग भेटीची वेळ ठरवा, कशासाठी ते सांगू नका, आणि समोर बसून पत्र वाचून दाखवा. सेलिग्मन यांच्या त्याच २००५ च्या अभ्यासात या एका भेटीचा परिणाम तपासलेल्या सगळ्या व्यायामांत सर्वांत मोठा होता. तो महिनाभर टिकला, तीन महिन्यांनी ओसरला होता, म्हणून वर्षातून तीन-चार माणसं निवडलीत तरी चालेल. प्रवास झेपत नसेल तर फोनवर वाचा. वाचताना आवाज भरून आला तर थांबा, पाणी प्या आणि राहिलेलं वाचून पूर्ण करा. कुणाला भेटलात ते मला जरूर कळवा.